चंदी आणि वैरण

दयेची स्तुति सर्व धर्मांनीं केली आहे; परंतु दयेचें माप कोणतें, हा प्रश्न तितक्या आवडीनें कोणी हातीं घेत नाहीं. देणाऱ्याच्या अंतःकरणाला किती पाझर फुटला यावरून ती मोजावी, कीं घेणाऱ्याच्या जीवाला तिचा काय उपयोग झाला यावरून मोजावी? विचारल्यास कोणीहि दुसऱ्या पक्षाला कौल देईल. व्यवहारांत मात्र आपण पहिल्याच मापानें मोजीत असतों, असें आमचें निरीक्षण आहे. मोठ्या प्रश्नाची परीक्षा लहान उदाहरणावर करावी, म्हणजे शब्दांच्या धुक्यांत वाट चुकत नाहीं. म्हणून येथें आम्ही एक लहान उदाहरण घेतों : पाय दुखावल्यामुळें ठाणावर बांधून ठेवलेल्या घोड्याला खावयास काय घालावें? ज्या खानदेशांत प्रतापशेठांनीं १९१६ सालीं अमळनेर येथें तत्त्वज्ञानमंदिर स्थापिलें, तेथील वाचकांपुढें वैरणीची गोष्ट काढणें कोणास हलकेपणाचें वाटेल. पण जें तत्त्व गव्हाणीपाशीं टिकत नाहीं, तें व्यासपीठावर टिकलें तरी त्याचा उपयोग थोडा.

शिवाय हें उदाहरण खानदेशास परकेंहि नाहीं. तापीकांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीस भरणारी घोड्यांची यात्रा महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. हें गांव पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होतें. १९९८ सालीं नंदुरबार जिल्हा वेगळा निघाल्यापासून तें त्या जिल्ह्यांत मोडतें. मारवाडी व काठेवाडी जातीचीं जनावरें तेथें येतात, आणि आपल्या घोड्याला दूध, तूप, बदाम चारल्याच्या गोष्टी मालक मोठ्या अभिमानानें सांगतात. टांगे आतां जवळजवळ नाहींसे झाले. धुळें-जळगांवकडे घोडा राहिला तो मुख्यतः हौसेचा आणि लग्नसराईचा. वरातीची घोडी डांबरी रस्त्यावर बाजाच्या तालावर नाचतां नाचतां घसरते, पुढच्या पायाची कंडरा दुखावते, आणि पशुवैद्य सांगतो कीं सहा आठवडे, कदाचित् याहूनहि अधिक काळ, हिला ठाणाबाहेर काढूं नका. घोडी म्हणजे त्या घरची लक्ष्मी. ती खुंट्याशीं उभी पाहून घरच्या माणसांचा जीव तुटतो, आणि जीव तुटूं लागला म्हणजे तोबरा भरूं लागतो. हरभऱ्याची चंदी वाढते, गूळ येतो, भाकर येते, कोणी तूप पाजावयास सांगतो. बिचारीला चालणें नाहीं, फिरणें नाहीं, निदान खाण्याचें तरी सुख असूं द्या, हें त्या सर्वांमागचें तत्त्वज्ञान.

या तत्त्वज्ञानाला घोड्याचें शरीर काय उत्तर देतें तें पाहूं. घोडा हा थोडें थोडें पण सारा दिवस चरणारा प्राणी आहे. मोकळा असला तर २४ तासांपैकीं १४ ते १६ तास त्याचें तोंड चालू असतें. त्याचें जठर देहाच्या मानानें लहान, सुमारें ८ ते १५ लिटरांचें. आणि त्यांत आम्लरस सारखा पाझरत असतो, मग तें भरलेलें असो वा रिकामें असो. या आम्लाला उतारा म्हणजे लाळ. माणसाच्या तोंडाला नुसत्या वासानें पाणी सुटतें. घोड्याची लाळ चावल्यावांचून येत नाहीं. आतां चावण्याचा हिशोब करावा. एक किलो दाणा घोडा सुमारें १० मिनिटांत संपवितो. एक किलो वाळल्या गवताला त्यास सुमारें ४० मिनिटें लागतात. म्हणजे दोन किलो चंदीनें त्याच्या दिवसांतील २० मिनिटें भरतात, आणि सात किलो गवतानें साडेचार तासांहून अधिक.

जठराच्या पुढची व्यवस्थाहि याच धोरणाची आहे. मोठ्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जीव वैरणीचे चिवट तंतु आंबवून त्यांपासून घोड्याला शक्ति पुरवितात. एका वेळीं फार दाणा घातला तर त्यांतील पिष्ट लहान आंतड्यांत पुरतें पचत नाहीं. तें तसेंच मोठ्या आंतड्यांत उतरतें, तेथील आम्लता वाढते आणि उपयोगी जीव मरतात. त्यांतून पोटशूळ उठतो. कधीं खुरांच्या आंतील नाजूक पडद्यांना दाह होतो, आणि एका पायाच्या दुखण्यासाठीं बांधलेलें जनावर चारी पायांनीं अधू होतें. घोड्याला ओकतां येत नाहीं. एकदां आंत गेलें तें त्याला भोगावेंच लागतें. उभ्या घोड्याचीं आंतडीं चालत्या घोड्याच्या आंतड्यांपेक्षां मंद चालतात, म्हणून बांधल्यानंतर हें भय वाढतें.

युरोपांत मोटारी येण्यापूर्वीं ओझ्याच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांत एक रोग इतका सर्रास आढळे कीं त्याला सोमवार-सकाळचा रोग असेंच नांव पडलें. आठवडाभर राबलेल्या घोड्याला रविवारीं विश्रांति मिळे, पण चंदी कामाच्या दिवसाइतकीच मिळे. सोमवारीं जुंपल्यावर थोड्याच वेळांत त्याच्या मांड्यांचे स्नायु लांकडासारखे ताठत, घाम सुटे, मूत्र काळसर होई. कांहीं घोड्यांत या रोगाचें मूळ आनुवंशिक दोषांत असतें, हें आतां कळलें आहे. तरी विश्रांति आणि भरपूर चंदी यांचा संयोग त्यास निमित्त होतो, हा जुना अनुभव खोटा ठरलेला नाहीं. रविवारची ती चंदी कोणी दुष्ट बुद्धीनें घातलेली नसे. ती घालणारा मनुष्य बहुधा चांगलाच असे. आणि आमच्या प्रश्नाचें मर्म तेंच आहे.

आपल्याकडे पोळ्याच्या दिवशीं बैलाला पुरणपोळी चारतात. वर्षभर राबणाऱ्या मुक्या सोबत्याविषयीं कृतज्ञता दाखविण्याची ही रीत सुंदर आहे, आणि एखाद-दुसऱ्या पोळीनें बैलाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु प्रेमाच्या भरांत परातच पुढें सरकविली तर रवंथ करणाऱ्या त्या प्राण्याच्या पोटांत आम्ल माजतें, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशीं पशुवैद्याला बोलवावें लागतें. पुरणपोळी हें आमचें पक्वान्न आहे, बैलाचें नव्हे. आम्हांस जें गोड लागतें तें आम्ही त्याला देतों, आणि त्यानें तें खाल्लें म्हणजे आमचें प्रेम त्यास पोंचलें असें समजतों.

कठोपनिषदांत श्रेय आणि प्रेय यांचा भेद सांगितला आहे. जें हितकर तें श्रेय, जें आवडतें तें प्रेय. आणि शहाण्यानें पहिल्याची निवड करावी. घोड्याच्या उदाहरणांत हा भेद लावूं गेल्यास असें म्हणावेंसें वाटतें कीं गवत हें घोड्याचें श्रेय आणि चंदी हें त्याचें प्रेय. पण नीट पाहिलें तर येथें एक गुंता आहे. चंदीची गोडी घोड्याला २० मिनिटें लाभते. ती घातल्याचें समाधान मालकाला सारी संध्याकाळ पुरतें. तोबऱ्यांतील प्रेय घोड्याचें असतें त्याहून अधिक तोबरा बांधणाराचें असतें. ज्यावर आपण दया करतों त्याच्या नांवावर आपलेंच प्रेय खर्ची घालणें, ही दयेंतील सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी लबाडी होय. ती लबाडी आहे हें करणाऱ्यालाहि ठाऊक नसतें, म्हणून तिच्यावर रागावतांहि येत नाहीं.

मग बांधलेल्या घोड्याचें आपण देणें काय लागतों? खुंट्याला बांधतांना आपण त्याचें चालणें तेवढें काढून घेतलें, असें आपणांस वाटतें. वस्तुतः आपण त्याचा दिवस काढून घेतलेला असतो. चरणें हा घोड्याचा आहार तसाच उद्योगहि आहे. तो उद्योग गेला म्हणजे घोडा गव्हाण कुरतडतो, तिच्या कांठावर दांत रोवून वारा गिळतो, एका जागीं उभा राहून तासचे तास डावी-उजवीकडे झुलतो. ही खोड एकदां जडली म्हणजे पाय बरा झाला तरी ती बहुधा जात नाहीं. म्हणून ज्यानें दिवस घेतला त्यानें, शक्य तेवढा, दिवस परत दिला पाहिजे. आणि तो परत देण्याचें साधन म्हणजे साधी, तंतुमय, निरस वाटणारी वैरण. सकस अन्न थोडेंच देतां येतें. साधें अन्न पुष्कळ देतां येतें. साधेपणाचा हा गुण आपल्या ध्यानांत येत नाहीं. गवत घोड्याला देतां येतें तें तें हलकें असतांना नव्हे, तर तें हलकें असल्यामुळेंच.

येथें उलट बाजूची चूकहि सांगितली पाहिजे. कारण लोभाला पथ्याचें सोंग फार लवकर साधतें. काम नाहीं तर दाणा नाहीं, हें एकदां ठरलें म्हणजे काम नाहीं तर वैरण तरी कशास, येथपर्यंत यावयास वेळ लागत नाहीं. दाणा कमी करणें निराळें आणि उपाशी ठेवणें निराळें. ३५० किलो वजनाच्या घोडीला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे कोरड्या वजनानें सव्वापांच ते सात किलो, वैरण लागतेच. तीहि एकदम न टाकतां चार-पांच वेळां विभागून, आणि रात्रीची लांब वेळ रिकामी जाणार नाहीं अशी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक प्रकरण आहे. युद्धानें, रोगानें किंवा वार्धक्यानें कामास निरुपयोगी झालेल्या घोड्यांनाहि पोटापुरतें अन्न मिळावें, असें त्यांत सांगितलें आहे. अश्ववैद्यांनीं शरीराची अवाजवी वाढ आणि झीज या दोहोंवरहि उपाय करावा व ऋतुमानाप्रमाणें आहार बदलावा, असेंहि त्याच प्रकरणांत आहे. अंगावर मांस चढणें हेंच आरोग्य, अशी समजूत त्या ग्रंथकाराची नव्हती. निरुपयोगी घोड्याची तरतूद करणारा तो ग्रंथ दयेचा नाहीं, राज्यकारभाराचा आहे, हें विशेष होय.

शिवाजीमहाराजांनीं चिपळूणकडील आपल्या लष्करी अंमलदारांना लिहिलेलें पत्र इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आज वाटेल तशी उधळलीत तर भर पावसांत घोडीं उपाशी मरतील, तीं तुम्हींच मारलींत असें होईल, आणि मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजींना दिव्यापासून आग लागूं नये म्हणून घ्यावयाची काळजीहि त्यांत बारकाईनें सांगितली आहे. या पत्रांत घोड्याविषयीं हळव्या शब्दांचा वर्षाव नाहीं, हिशोब आहे. परंतु हा हिशोब हीच तेथील दया आहे, आणि तींत घोड्याबरोबर ज्याच्या शेतांतून वैरण येते त्या कुणब्यालाहि जागा आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांना पेंढीची किंमत सांगावी लागणार नाहीं.

साधी वैरण म्हटली म्हणजे निवड करावयास नको, असें मात्र नव्हे. खानदेशांत मुख्य वैरण ज्वारीच्या कडब्याची. पिकलेल्या ज्वारीचा, नीट वाळलेला, पानें टिकलेला कडबा चांगला. पण त्याचीं ताटें कठीण, म्हणून कापून घालावींत, आणि तींहि इतकीं बारीक नकोत कीं चावण्याचें काम उरूं नये. कोंवळी किंवा पाण्याच्या ताणानें खुरटलेली हिरवी ज्वारी घालूं नये. तिनें किराळ लागतें हें शेतकरी जाणतोच, आणि हिरवी ज्वारी सतत चरणाऱ्या घोड्यांच्या मूत्राशयाला व मागच्या पायांच्या शक्तीला अपाय होतो असेंहि आढळलें आहे. बाजरीचें सरमड मिसळ म्हणून चालेल, त्यावरच भागवूं नये. गव्हाचें भूस फार काष्ठमय असल्यामुळें पाणी कमी पडलें कीं आंतड्यांत त्याचा बोळा बसतो. सर्वांत उत्तम म्हणजे मारवेल, पवन्या यांसारखें गवत, फुलोऱ्याच्या सुमारास कापून सावकाश वाळविलेलें. कुसळी गवत उशिरां कापलें तर त्याचीं कुसळें जिभेंत व हिरड्यांत रुततात. पावसानें भिजून बुरसलेली पेंढी कितीहि स्वस्त मिळाली तरी घोड्यापुढें टाकूं नये; बंद जागेंतील बुरशीची धूळ त्याच्या छातीला बाधते. चांगलें गवतहि झटकून, पाण्यांत बुडवून घालावें.

कित्येकांना आजारी घोडा म्हटला कीं कोंडा आठवतो. भिजविलेला गव्हाचा कोंडा हें इंग्रजी रिसाल्यांतील जुनें पथ्य. पण कोंड्यांत स्फुरद चुन्याच्या कित्येक पट असतें. तो नित्य मोठ्या प्रमाणांत चालू ठेवल्यास हाडांतील चुना ओढला जातो व तोंडाचीं हाडें फुगतात. हत्तीगवतासारख्या कांहीं उष्ण देशांतील गवतांतहि चुन्याला बांधून ठेवणारें द्रव्य असतें, म्हणून एकट्या त्यावर घोडा ठेवूं नये. लसूणघास पौष्टिक व चुनायुक्त. दुखावलेली कंडरा भरून येण्यास जें पोषण लागतें त्यासाठीं तिची लहानशी पेंढी उपयोगी, पण तीच मुख्य वैरण करूं नये. फार दिवस नुसत्या वाळल्या वैरणीवर काढावयाचे तर मीठ आणि क्षार यांची भर पशुवैद्याच्या सल्ल्यानें घालावी लागते. साधेपणा म्हणजे उणीव नव्हे. अन्नांतील कोणताहि बदल १० ते १५ दिवसांत हळूहळू करावा, म्हणजे आंतड्यांतील जीवांना जुळवून घेतां येतें. आणि कोरड्या वैरणीला पाणी भरपूर पाहिजे : उभ्या घोड्यालाहि दिवसास २५ लिटर, आणि आमच्याकडील वैशाखांत त्याहून कितीतरी अधिक. इतका तपशील आम्हीं मुद्दाम दिला. दयेचा उमाळा क्षणांत येतो. दयेचें ज्ञान मात्र असें एकेक काडी निवडून मिळवावें लागतें.

येथवर आमचें म्हणणें मान्य करणारा वाचकहि आतां एक कठीण आक्षेप घेईल, आणि तो आम्हांस खरोखर कठीण वाटतो. तोबरा दिसतांच घोडी खिंकाळते, पाय आपटते, गवताकडे पाठ फिरविते. तिची इच्छा स्पष्ट आहे. ती डावलून तुझें हित मला कळतें असें म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? जगांतील प्रत्येक जुलमी सत्तेनें हेंच वाक्य उच्चारलें आहे. मिल्लनें १८५९ सालीं स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधांत एखाद्याच्या स्वतःच्या हितासाठीं त्याच्यावर सक्ति करण्यास विरोध केला. परंतु अजाण मुलें व ज्यांना दुसऱ्यानें सांभाळणें भाग आहे अशांना त्यानें या नियमांतून वगळलें. घोडा या अपवादांत येतो हें उघड आहे. तथापि अपवादांत येणें म्हणजे सांभाळणाऱ्याच्या लहरीच्या स्वाधीन होणें नव्हे. भारतांतील १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक कायद्यानेंहि जनावर ज्याच्या ताब्यांत त्याच्यावर त्याच्या सुस्थितीची काळजी घेण्याचें कर्तव्य घातलें आहे. ताबा आला कीं कर्तव्य आलें.

आमच्या मतें दुसऱ्याची इच्छा बाजूस सारून त्याचें हित पाहण्याचा अधिकार तीन अटींनीं बांधलेला असावा. पहिली अट अशी कीं त्या हिताची कसोटी त्याच्याच देहांत सांपडावी, आमच्या सोयींत वा समाधानांत नव्हे. लीद, पाण्याची ओढ, खुरांची ऊब, डोळ्यांतील तरतरी हे येथील साक्षीदार. दुसरी अट अशी कीं बंधन त्याच्याच बरें होण्यासाठीं असावें व त्याला अंत असावा. जागा अपुरी म्हणून किंवा फिरविण्याचा कंटाळा म्हणून बांधलेल्या घोड्याला पथ्य शिकविण्याचा हक्क कोणास नाहीं. तिसरी अट अशी कीं बंधनाच्या आंत जेवढी मोकळीक शिल्लक ठेवतां येईल तेवढी ठेवावी. ही अट कल्पनेंतील नाहीं. इंग्लंडांत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बांधलेल्या घोड्यांपुढें एकाच वैरणीऐवजीं अनेक प्रकारच्या वैरणी ठेवून पाहिल्या. तेव्हां ते एकीकडून दुसरीकडे हुंगत, निवडीत, अधिक वेळ खाण्यांत रमले. कडबा एका कोपऱ्यांत, गवत दुसऱ्या, मूठभर लसूणघास तिसऱ्या ठिकाणीं ठेवली, तर चार भिंतींतहि घोड्याला थोडेंसें रान मिळतें. चंदी मागणाऱ्या घोडीला चंदी नाकारावी. परंतु निवड नाकारूं नये.

हा विचार माणसांस लावण्यापूर्वीं सावध राहिलें पाहिजे. अंथरुणाला खिळलेला वृद्ध पिता हा घोडा नव्हे. त्याला वाचा आहे, आणि वाचा असलेल्याला विचारल्यावांचून त्याचें हित ठरविणें हा अपमान आहे. तरी एक गोष्ट दोघांच्या बाबतींत सारखी राहते. घरांत कोणी पडून असला म्हणजे भेटावयास येणारे पेढे आणतात, फळें आणतात, आणि पंधरा मिनिटें बसून हलक्या मनानें परत जातात. पेढा २० मिनिटांच्या चंदीसारखा आहे. त्या मनुष्याचा हिरावला गेला तो दिवस, आणि तो दिवस भरून काढणाऱ्या वस्तु फार साध्या असतात : निवडावयास दिलेल्या शेंगा, वाचून दाखवावयाचें वर्तमानपत्र, शेतांतल्या कामाविषयीं खरोखर विचारलेला सल्ला, रोज त्याच वेळीं येऊन बसणारा नातू. यांत खर्च नाहीं आणि मिरवावयासारखें कांहीं नाहीं. म्हणूनच या वस्तु द्यावयाच्या राहून जातात.

उंची वस्तु देणें सोपें आहे, कारण ती देतांना देणाराहि उंच होतो. साधी वस्तु पुरेशी, वेळच्या वेळीं आणि घेणाऱ्याच्या प्रकृतीला ओळखून देत राहणें कठीण, कारण त्यांत देणाऱ्याला स्वतःसाठीं कांहींच उरत नाहीं. दयेचें खरें माप आम्हांस येथें सांपडतें. खुंट्याशीं उभ्या असलेल्या मुक्या जनावरापुढें रात्रीं दुसऱ्यांदा उठून गवताची पेंढी झटकून टाकणारा मोतद्दार नीतिशास्त्राचें नांवहि जाणत नसेल. परंतु त्या शास्त्रानें शेवटीं जेथें पोंचावयाचें, तेथें तो आधींच उभा असतो.